बिनअद्रकाचा चहा

प्रमिलाताई,

तू गेल्यावर ठेवलेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाला एक अनोळखी तरुण आला होता. पांढरा शर्ट घालून आला होता, म्हणजे आपली रीत त्याला कोणीतरी सांगितली असावी. भंतेजी गाथा म्हणत होते तोवर तो डोळे मिटून बसला. नंतर त्याने तुझ्या फोटोला फुलं वाहिली आणि जेवायच्या पंगतीत नेमका माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कोणाचा मुलगा असेल. भाताला हात लावायच्या आधीच त्याने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तो नकाशा आता तुमच्याकडेच असेल ना?"

तू असतीस तर मला कोपर मारून म्हणाली असतीस, "पाह्य वं माया, रडायले आलेला माणूस आधी जेवते. कामाले आलेला आधी विचारते."

तो वस्त्यांच्या पाण्यावर काम करणाऱ्या त्याच संस्थेचा होता, जिच्यावरून आपलं भांडण झालं. माणूस नवा होता, हातातला टॅब जुनाच होता. नकाशा नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे, नंतर बोलू." तेव्हापासून मी त्या 'नंतर'ची वाट पाहत होते, आणि वाट पाहताना तुझ्यासारखीच दाराच्या फटीतून गल्लीकडे बघायला लागले होते.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिते, कारण तू गेल्यापासून ही गोष्ट गल्लीत निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली जाते आहे आणि त्यातल्या एकाही तऱ्हेवर तू विश्वास ठेवला नसतास.

सुरुवात वासापासून झाली. सकाळी नळ आला की पहिल्या बादलीला वास यायचा. तो कसला, हे सगळ्यांना कळत होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. प्रत्येक घराला वाटायचं, दोष आपल्याच घरात आहे. आपली टाकी, आपला माठ, आपल्या सुनेचा आळस. तक्रार घेऊन गेलं की पाणी खात्याच्या ऑफिसात एकच उत्तर मिळे, "घरची टाकी धुवा." आम्ही धुवत राहिलो. समोरच्या वच्छलाने तर टाकी इतकी घासली की तिचा नवरा म्हणायचा, आता पाणी सोड, टाकीच चाटून पाहू.

तू मात्र कोणाचंच काही खरं मानायची नाहीस, साहेबांचं नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही. तुझी अर्धी हयात ट्रंक कॉल जोडण्यात गेली. तू म्हणायचीस, "माणूस हॅलो म्हणते, त्याच्या आधी श्वास घेते. खोटं त्या श्वासातच असते." तू माझ्या बोलण्यातला श्वासही ऐकत असायचीस. मी पुस्तकांत वाढलेली बाई. छापलेलं ते खरं, असं मानायची मला सवय. तुझ्याशी बोलताना मला नेहमी वाटायचं की मी साक्षीला उभी आहे.

बाटल्यांची कल्पना तुझीच. प्रत्येक घरानं आपल्या नळाचं पहिलं पाणी बाटलीत भरायचं आणि रविवारी विहारात आणायचं. विहाराची भिंत पांढरी, रंग लगेच दिसेल. घरांच्या ओळीनं बाटल्या ठेवल्या की खराबी कुठून सुरू होते आणि कुठं संपते, ते कोणालाही न विचारता कळेल. मला ते फार सुंदर वाटलं. गल्ली स्वतःच स्वतःचा तक्ता होणार.

रविवारी सगळ्या बाटल्या आल्या आणि सगळ्या लखलखीत. एकाही बाटलीत कण नाही, वास नाही. वच्छला खूश. "पाह्य ताई, काहीच नाही. उगाच घाबरवून राहिली होती आम्हाले."

तू एकेक झाकण उघडून नाक लावत शेवटपर्यंत गेलीस आणि वळून विचारलंस, "कोणाकोणाच्या घरी कॅनचं पाणी येते वं?"

बायका आपापली झाकणं परत लावू लागल्या. शेवटी गयाआजी बोलली. गल्लीतली सगळ्यात जुनी बाई ती, तिला कोणाची भीती? "काहून चिडून राहिली वं? बुद्धाच्या दारी घाण पाणी आणाव काय?"

मग सगळंच बाहेर आलं. कोणी पाणी जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळलं होतं, कोणी उकळून थंड केलं होतं. वच्छलाने सक्करदऱ्याला राहणाऱ्या बहिणीकडून भरून आणलं होतं. आणि तुझ्या घरच्या बाटलीत तुझ्याच मुलीने, सुजाताने, तुरटी फिरवली होती. तू तिच्याकडे पाहिलंस, ती भंतेजींच्या आसनाकडे पाहू लागली. आपल्या लोकांना पाण्यासाठी पुरावे द्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पण विहारात येताना अंगावरचा कपडाही धुतलेला लागतो. मग पाणी कसं मळकं आणणार? त्या दिवशी तू खूप हसलीस. डोळ्यांतून पाणी आलं तुझ्या. नंतर मला म्हणालीस, "हे खोटं नाही वं. हे खोट्याहून वाईट हाय. याले इज्जत म्हणते."

दुसऱ्या दिवसापासून तू चहा प्यायला निघालीस.

मी सोबत असायचे. घरात शिरलं की तू काही विचारायची नाहीस. पाटावर बसायचीस, चहा यायचा, तू एक घोट घेऊन कप खाली ठेवायचीस. बाहेर आल्यावर म्हणायचीस, "अद्रक पाहिलं किती होतं? या घरी वास हाय." पुढच्या घरी चहा साधा, पुचाट. "इथं नाही." मला हे आधी थट्टेचं वाटलं. मग तूच प्रत्येक घरी नळापाशी बसून पहिली धार बाटलीत धरू लागलीस, आणि खरंच, अद्रक आणि वास जोडीने चालत होते. घरांनी आपली लाज ज्या गोष्टीनं झाकली होती, तीच तू वाचायला शिकलीस.

तेवढ्यावर तुझं समाधान नव्हतं. तू बोट बुडवून पाणी जिभेला लावायचीस. मी ओरडायचे. "नाक म्हातारं झालं," तू म्हणायचीस, "जीभ अजून नोकरीत हाय." मी आणखी जोरात ओरडायला हवं होतं की नाही, हे मला आता कोणाला विचारता येत नाही.

घरोघरच्या चहाबरोबर गोष्टीही निघाल्या. वास कधीपासून, तेव्हा कोणाचं लग्न होतं, सिमेंटचा रस्ता आधी झाला की नंतर. गयाआजीने सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा गल्लीत एक सार्वजनिक संडास होता, खाली विटांची टाकी. पुढे तो पाडला, टाकी तशीच ठेवून वर माती टाकली, मातीवर रस्ता आला, रस्त्यावर सिमेंट आलं. जागा विचारली तर म्हणाली, "त्या दौलतच्या दारापुढं." दौलतबाबांना विचारलं तर ते चिडले. "माह्या दारापुढं? गयीच्या घराले लागून होता तो!" मी गोंधळले. तू म्हणालीस, "म्हातारपणी माणसाले संडास दुसऱ्याच्याच दारापुढं आठवते. दोघंही खरं सांगून राहिले, फक्त ढकलून राहिले."

मग तू विहाराच्या फरशीवर खडूनं गल्ली काढलीस. बायकांनी आपापल्या घराच्या जागी बाटलीचं झाकण ठेवलं. वास असेल तर उलटं, नसेल तर सुलटं. तू स्वतः सगळ्यांच्या चहाचा घोट घेतलेली, त्यामुळे आता कोणी लपवलं नाही. उलटी झाकणं गयाआजी आणि दौलतबाबा यांच्या घरांच्या बरोबर मधे गोळा झाली. तुझ्या दारापुढे. तू त्या झाकणांपाशी उकिडवी बसलीस. मग तुझ्या घराचं सुलटं ठेवलेलं झाकण तूच हळूच उलटं केलंस. ते सुलटं सुजाताने ठेवलं होतं, पुन्हा तीच तुरटीची सवय.

आणि मग आपलं भांडण. त्याविषयी लिहायचं टाळत इथवर आले.

संस्थेचा आधीचा टॅबवाला निरोप घेऊन आला होता की घरवार माहिती द्या, नकाशा द्या, आम्ही अहवाल करून वरपर्यंत नेतो. मला त्यात काही गैर दिसलं नाही. सिमेंटचा रस्ता आपल्या सांगण्यावरून कोण फोडणार? काहीतरी कागद हवा. मी फोन काढला आणि फरशीचा फोटो घ्यायला वाकले. तू पुढे आलीस आणि पदरानं गल्ली पुसून टाकलीस. एका हातानं झाकणं गोळा करत होतीस, दुसऱ्या हातानं पुसत होतीस. पांढऱ्या खडूनं तुझा निळा पदर भरला.

"काहून ताई?"

"कागद माणसासारखा नसते वं. एकदा गेला की कुठी गेला ते सांगायले वापस येत नाही."

"पुराव्याशिवाय आपलं ऐकणार कोण?"

"पुरावा आपल्याच विरुद्ध नाही लागणार, हे तुले कोणं सांगितलं? अर्ध्या घरायले जागेचे पट्टे हाय, अर्ध्यायले नाही. आज लिहितीन, पाणी खराब. उद्या लिहितीन, वस्ती रोगी. रोगी वस्ती उठवायले सोपी असते."

मी चिडले. शांत माणसं चिडली की नेमकं लागेल तेच बोलतात. मी म्हणाले, "तुझ्या संशयापायी ही गल्ली हेच पाणी पीत राहील."

तू झाकणं पिशवीत टाकलीस. "अन् तुझ्या भरोशापायी गल्लीच नाही राहायची."

त्यानंतर आपण बोलत होतो, पण चहासाठी एकमेकींकडे गेलो नाही. आपल्या दोघींच्या मधे एकच भिंत होती. तुझ्याकडे कप आपटल्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, तू मुद्दाम आपटते आहेस.

मग सुजाताचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मला पाहून तू पहिल्यांदा विचारलंस, "गयाआजीच्या घरचं पाणी कसं हाय?" मी म्हटलं, तसंच आहे. तू म्हणालीस, "अन् तुह्यावालं?" मी म्हटलं, मी गाळून पिते. "गाळून वास जाते काय वं, ग्रंथपाल बाई?" आपण दोघी हसलो. भांडणाचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. मला वाटलं, घरी आल्यावर काढू.

निघताना तू माझं मनगट धरलंस. "माया, माझं झाकण उलटं ठेवू नको."

मला कळलं नाही असं मी दाखवलं. मला कळलं होतं. तुला पुरावा व्हायचं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, कावीळ पाण्यामुळेच ना? ते म्हणाले, असू शकते, नक्की सांगता येणार नाही. त्यांनी बोलण्याआधी श्वास घेतला होता का, हे मी ऐकायला विसरले. तू असतीस तर ऐकलं असतंस. तुझा स्वभाव, तुझी ती जीभ, गल्लीचं पाणी, वय, की आणखी काही? मी यातल्या प्रत्येकावर आळीपाळीने संशय घेते आणि एकावरही तो टिकत नाही.

तर तो टॅबवाला परत आला. तुझ्या घरी आला आणि सुजाताने मला बोलावलं. आता त्याला नकाशा नको होता. म्हणाला, "नकाशा राहू द्या. ताईंचीच गोष्ट घेऊ. निवृत्त महिला, पाण्यासाठी एकटीची लढाई, मग कावीळ. फोटो तर आहेच. अशी गोष्ट असली की काम लवकर होतं, मॅडम." तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्याचे डोळे खरोखर भरले होते. चांगल्या माणसांपासून सावध कसं राहायचं, हे तू मला शिकवलं नव्हतंस.

तो गेल्यावर सुजाताने विचारलं, "मावशी, आईचं नाव दिलं तर रस्ता फोडतीन काय?"

"बहुतेक फोडतील."

"अन् नाही दिलं तर?"

 मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही तू कॅमेरावाल्यावर संशय घेतला आहेस. एका बाजूला तुझा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी तेच पाणी भरणारी सगळी गल्ली, त्यात वच्छलाची बाळंतीण सून. तुझं झाकण उलटं ठेवलं असतं तर कदाचित महिन्याभरात काम झालं असतं. कबूल करते, मी त्या बाजूला झुकले होते. सुजाता नाही झुकली. ती म्हणाली, "आई गेली म्हणून पाणी खराब नाही, मावशी. पाणी खराब हाय म्हणून खराब हाय."

आम्ही विहाराच्या नावाने साधा अर्ज दिला. त्यात एकाही घराचं नाव नव्हतं. त्यावर पाणी खात्याचा जेई, म्हणजे छोटा इंजिनिअर, पाहणीला येणार असं कळलं. विहारात बायका जमल्या. दाखवायचं काय? बाटल्या दाखवल्या तर म्हणेल, कुठल्याही डबक्यातून भरल्या. मग वच्छला म्हणाली, "साहेबाले चहा ठेवू. पहिल्या पाण्याचा. अन् अद्रक नका टाकू कोणी."

सगळ्या गयाआजीकडे बघायला लागल्या. पाहुण्याला असा चहा? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पहिला कप मी देतो. म्हातारीवर कोणी रागवत नाही."

जेई आला. तरुण होता, उन्हाने वैतागलेला. आल्या आल्या म्हणाला, "टाक्या धुता का नियमित?" बायका इतक्या जोरात हसल्या की तो दचकला. गयाआजीने त्याला ओट्यावर बसवलं आणि कप हातात दिला. त्याने तो तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबला.

"काय आहे हे?"

"चहा हाय बाबू. चांगला उकळलेला हाय, भिऊ नको. आम्ही हाच पितो रोज. फक्त अद्रक टाकून पितो."

त्याने कप खाली ठेवला. मग विचारलं, कोणकोणत्या घरांत असा आहे, नावं लिहून द्या.  वच्छला म्हणाली, "नावं कशाले, साहेब? चहा तयार हाय घरोघरी. फिरा तुम्ही. जिथं पिववत नाही तिथं खूण करा."

तो फिरला, ताई. घरोघर कप तोंडाजवळ नेत, न पिता खाली ठेवत, मधेच एखाद्या घरी नुसता साधा चहा मिळाल्यावर तो घटाघटा पीत. तू जशी फिरायचीस तसाच, फक्त वासाच्या चहाला जीभ न लावता. तुझ्या दारापुढे येऊन थांबला आणि सोबतच्या माणसाला रंगाचा डबा आणायला सांगितला. "हे घर कोणाचं?" त्याने विचारलं. तुझं नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं. सुजाता दारात उभी होती. ती म्हणाली, "आम्ही राहतो इथं. चहा ठेवू काय?"

तो म्हणाला, "नको. कळलं."

सिमेंटवर पांढरी फुली पडली. वच्छला लगेच म्हणाली, "रंग मारला म्हणजे खोदलं नाही." मला क्षणभर वाटलं, तूच बोललीस.

पण खोदलं. सिमेंट कापलं, खाली जुन्या काळ्या विटांची भिंत निघाली आणि पाण्याचा पाइप त्या भिंतीला टेकून गेला होता, गंजून चाळणी झालेला. गयाआजी आणि दौलतबाबा दोघेही खड्ड्याच्या काठावर उभे होते. दोघेही म्हणाले, "मी म्हटलं होतं ना!" खड्डा खरं तर दोघांच्याही दारापासून सारखाच दूर होता. नवा पाइप वळवून नेला आहे. वर अजून गिट्टीच आहे. सिमेंट कधी टाकतील आणि टाकताना पुन्हा काही फोडतील का, याची चर्चा विहारात रोज चालते. संशय घ्यायला आता गल्लीला तुझी गरज उरलेली नाही, हे ऐकून तू सुखावशील की चिडशील, ठरवता येत नाही.

आपला वाद मात्र माझ्यापुरता मिटलेला नाही. तू तेव्हा फरशी पुसली नसतीस, तर रस्ता आधी फुटला असता का? तू असतीस का? की पाइपाऐवजी गल्लीवरच फुली पडली असती? मला खरंच माहीत नाही. तू चूक होतीस असं वाटतं, त्याच दिवशी संध्याकाळी बरोबर होतीस असंही वाटतं. टॅबवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. तो दुखावला. आणि हे मी छापायला देते आहे त्यात शहर नागपूर आहे हे लपवलेलं नाही, पण गल्ली कोणती ते कुठंही लिहिलेलं नाही, आणि आपली सगळ्यांची नावंही बदलली आहेत. तू प्रमिला नाहीस हे तुला आणि मला ठाऊक आहे. एवढी मी तुझ्याकडे सरकले. याहून पुढे सरकायला तू समोर बसून भांडायला हवी होतीस.

आज सकाळी नळ आला. मी पहिली धार पातेल्यात धरली, साखर-पत्ती टाकली, अद्रक टाकलं नाही. बोटही बुडवलं नाही. कप घेऊन आपल्या मधल्या भिंतीला टेकून बसले आणि तो नाकाशी धरला.

वास आला नाही, ताई.

मी अजून विश्वास ठेवलेला नाही. उद्या पुन्हा करून बघते.